खुरसाला दिलेला शब्द

चकाल्याच्या मिस्किटांचा क्लेमेंट आठवीत माझ्या वर्गात आला, तेव्हा तो पहिल्या बाकावर बसून झोपायचा. मागच्या बाकांवर झोपणारी मुलं मी पुष्कळ पाहिली होती. पण पहिल्या बाकावर, हाताची घडी घालून, पाठ ताठ ठेवून झोपणारा तो एकटाच. प्रश्न विचारला की जागा व्हायचा, उभा राहायचा आणि अगदी नम्रपणे म्हणायचा, "नाय येत, बाई."

ही १९५० सालची गोष्ट. मी अंधेरीच्या एका मराठी शाळेत शास्त्र शिकवत होते. चकाला म्हणजे कुर्ला रोडच्या अंगाचं जुनं ख्रिस्ती गाव. कौलारू घरं, मागे भातखाचरं, गावात शिरताना दगडी चौथऱ्यावर उभा असलेला क्रूस. गावातली माणसं त्याला खुरीस म्हणत. लग्न असो, मयत असो, कापणी असो, आधी खुरसापुढे थांबायचं आणि मग पुढे जायचं, अशी तिथली रीत.

क्लेमेंटचे वडील मार्कस गावाच्या बँडचे मुख्य. दिवसा शेती करायची आणि लग्नसराईत वांद्र्यापासून वसईपर्यंत बँड घेऊन हिंडायचं. ते स्वतः कॉर्नेट वाजवत. कॉर्नेट म्हणजे तीन बटणांचं आखूड पितळी वाद्य. बँडमध्ये गाण्याची मुख्य चाल तेच धरतं. क्लेमेंट आठवीत गेला त्या वर्षी मार्कसचे पुढचे दात पडले. कॉर्नेट वाजवायचा तर ओठांमागे दातांचा आधार लागतो. त्यांनी कवळी करून घेतली, पण पहिल्याच लग्नात फुंकरीबरोबर ती बाहेर आली आणि नवऱ्यामुलाच्या बुटापाशी पडली. मोठा ढोल वाजवणारे त्यांचे धाकटे भाऊ जॉनी ही गोष्ट इतक्या वेळा सांगत, की ऐकणाऱ्याला आपणही त्या लग्नाला होतो असं वाटू लागे.

"नवरी नवऱ्याला बोलली, आहेर आला वाटतं!" असं सांगून जॉनी स्वतःच आधी हसायचे.

त्या लग्नानंतर कॉर्नेट क्लेमेंटच्या हातात आला. लहानपणापासून तो वडिलांच्या शेजारी बसून शिकला होताच. आता बँड त्याच्या ओठांवर चालू लागला, आणि सकाळी शाळेत तो ताठ बसून झोपू लागला.

आठवीतून तो कसाबसा वर गेला. नववीत असताना जानेवारीत मी मुलांना मुंबईतल्या एका मोठ्या कॉलेजात नेलं होतं. आमच्याकडे तेव्हा अंधेरीहून निघालं तरी 'मुंबईला जातो' असंच म्हणत. त्या कॉलेजची पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा वर्षातून एकदा शाळांच्या मुलांसाठी उघडी असे. एका टेबलावर पाण्यात बुडवलेली काचेची उंच नळी होती. कंप पावणारा नादकाटा तिच्या तोंडाशी धरून नळी हळूहळू वर उचलली, की एका विशिष्ट उंचीवर ती एकदम घुमायची. बाकीची मुलं दोन मिनिटं बघून पुढे गेली. क्लेमेंट तिथेच राहिला. मी परत न्यायला आले, तेव्हा तिथला विद्यार्थी हसत म्हणाला, "बाई, हा तुमचा मुलगा आम्हाला जेवायला सोडत नाही."

क्लेमेंटने मला विचारलं, "बाई, आपण बटण दाबतो तेव्हा हेच होतं ना? हवा लांबच्या वाटेने जाते, म्हणून सूर खाली येतो?"

तो कॉर्नेटबद्दल बोलत होता हे कळायला मला एक क्षण लागला. मी हो म्हटलं.

"बाबांना हे माहीत नाय," तो म्हणाला. "ते बोलतात, बटण दाबला का सूर बसतो खाली, म्हातारा बसतो तसा."

परतीच्या वाटेवर तो एकच विचारत राहिला. या कॉलेजात यायला काय लागतं? मी खरं ते सांगितलं. इथे फार थोड्या मुलांना घेतात. अकरावीचे मार्क तर बघतातच, पण शाळेतली मागची वर्षंही बघतात आणि समोर बसवून विचारतात. मागच्या वर्षांत काय होतं, ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

एप्रिलमध्ये तो नववीत नापास झाला. गणितात अकरा मार्क.

मे महिन्यात पार्ल्याला एका लग्नात मी पाहुणी होते. आमचे गणिताचे मधुकर सरही होते. वरातीपुढे बँड आला तो चकाल्याचा. निळा कोट, पिवळी झालर, आणि सगळ्यांच्या पुढे क्लेमेंट. त्याने काय वाजवलं ते मला आता सांगता येणार नाही, पण पंगतीत वाढणारी माणसं हातातली भांडी तशीच धरून बाहेर आली होती, एवढं आठवतं. चाल संपली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मधुकर सर मोठ्याने म्हणाले, "अहो, हा आमचाच विद्यार्थी बरं का! गणितात अकरा, पण बाजात शंभर!"

लोक हसले. सर मनाने वाईट नव्हते. त्यांना ते कौतुकच वाटत होतं. क्लेमेंटही हसला. त्याने कॉर्नेट उलटा करून फुंकरीने आत साठलेलं पाणी झटकलं आणि पुढच्या चालीला उभा राहिला.

त्यानंतर जे झालं ते मला फार पुढे, त्याच्या आईकडून कळलं. पण ते इथेच सांगायला हवं, नाहीतर त्याचं पुढचं वागणं वाचणाऱ्याला विचित्र वाटेल.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी क्लेमेंट खुरसापुढे मेणबत्ती लावून नवस बोलला. चकाल्यात नवस बोलायचे दोन नियम होते. पहिला, नवस मोघम बोलायचा नाही. ही शिकवण अँजेलिनाची, म्हणजे क्लेमेंटच्या आईची. "कंचा कॉलेज ते बोल, कंचा साल ते बोल," तिने त्याला सांगितलं होतं. "मोघम बोललास तर देनारा पुढं पुढं ढकलतो." दुसरा नियम असा की, नवस पुरा होईपर्यंत घराबाहेर कोणाला सांगायचा नाही. सांगितला की तो फुकट जातो.

क्लेमेंट नेमकं बोलला. त्या कॉलेजात, १९५५ च्या जूनमध्ये जागा मिळू दे. मिळेल त्या दिवशी इथे येऊन पहिला सूर तुझ्यापुढे वाजवीन. तोपर्यंत कॉर्नेटला ओठ लावणार नाही.

घरी येऊन त्याने कॉर्नेट फडक्यात गुंडाळला आणि खुंटीला टांगला. मार्कस ओट्यावर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "दात गेले ते गेले, आता पोरगा पन गेला." पण त्याला अडवलं नाही. वसईचा एक कॉर्नेटवाला बोलावून त्यांनी बँड चालू ठेवला. तो माणूस लग्नाला नवरदेवाच्याही नंतर पोचायचा. एकेक करून चांगली बोलावणी दुसऱ्या बँडांकडे गेली.

आम्हाला शाळेत यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दिसलं ते इतकंच, की पुन्हा नववीत बसलेला क्लेमेंट जागा होता. सुरुवातीला हे नवल होतं, मग सवय झाली. गणित कच्चं म्हणून मधुकर सर त्याला रविवारी घरी बोलावू लागले. आपल्याच एका विनोदाने हा मुलगा पेटलाय हे त्यांना कधी कळलं नाही, आणि क्लेमेंटने कळू दिलं नाही. नववीत तो वर्गात पाचवा आला, दहावीत दुसरा. अकरावीत मी ध्वनीचा धडा घेतला, तेव्हा मी खुर्चीवर बसले आणि तो फळ्यापाशी होता.

"वाजवून दाखव की रे," मुलं म्हणायची. "नुसता काय नळ्या काढतोस?"

"सोडला मी तो," तो म्हणायचा.

"लई भाव खातोस यार!"

मलाही वाटायचं, याने अभ्यासापायी बाजा सोडला. चांगलंच केलं असंही वाटायचं आणि मनात कुठेतरी खुपायचंही. पार्ल्याच्या त्या लग्नातलं वाजवणं मी विसरले नव्हते.

१९५५ च्या जूनमध्ये अकरावीचा, म्हणजे एसएससीचा, निकाल लागला. क्लेमेंटला पहिला वर्ग मिळाला. गणितात ब्याऐंशी. मधुकर सरांनी शाळेच्या फाटकाबाहेर पेढे वाटले. कॉलेजला अर्ज गेला, आणि भेटीला बोलावणं आलं. मार्कसना इंग्रजी येत नव्हतं आणि कॉलेजच्या पायऱ्या चढायची त्यांना भीती वाटत होती. "टीचर, तुमी जावा," ते मला म्हणाले. "मी आलो तर मना बघूनच नाय बोलतील."

प्राचार्य मराठीच होते. पन्नाशीचे, बारीक चष्म्याचे, तुटक पण सभ्य बोलणारे. मी बाहेरच्या बाकावर बसले, पण दार उघडं होतं आणि मधला पडदा आखूड होता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"मार्क चांगले आहेत," प्राचार्य म्हणाले. "पण असे मार्क घेऊन आलेली मुलं बाहेर रांगेत आहेत, आणि जागा फार थोड्या उरल्या आहेत. त्यांची मागची वर्षंही चांगली आहेत, तुझी नाहीत. आठवीत काठावर, नववीत नापास. काय करत होतास?"

"कॉर्नेट वाजवत होतो, सर."

"दोन वर्षं?"

"बाबांचे पुढचे दात पडले होते, सर."

प्राचार्य हसले. "वडिलांच्या दातांचा आणि तुझ्या गणिताचा काय संबंध?"

क्लेमेंटने सांगितलं. बँड, लग्नं, पहाटे घरी येणं, सगळं सरळ सांगितलं. कवळीची गोष्टही सांगितली. प्राचार्य मनापासून हसले आणि मला वाटलं, झालं, मिळाली जागा.

"हे बघ," ते म्हणाले, "मला हे कारण आवडलं. मूल नुसतं उनाडक्या करत असेल तर एक, आणि घराचा बँड चालवत असेल तर दुसरं. पण इथे रोज कोणी ना कोणी मला कारणं सांगतं. कोणाची आजी आजारी, कोणाचं घर जळलं. तुझं मात्र आत्ताच्या आत्ता बघता येईल." खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कपाट उघडलं. "एनसीसीच्या बँडचा कॉर्नेट आहे. वाजवायला माणूस मिळत नाही. घे. काहीही वाजव."

मी बाकावरून उठले. पडद्याखालून मला क्लेमेंटचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत.

"नाय वाजवणार, सर."

"येत नाही?"

"येतं, सर."

"मग?"

"आज नाय वाजवू शकत."

"ओठाला काही झालंय?"

"नाय, सर."

"मग कारण सांग."

प्राचार्यांनी मला आत बोलावलं. क्लेमेंट टेबलापाशी उभा होता. कॉर्नेट टेबलावर त्याच्यापुढे होता आणि तो त्याच्याकडे बघत नव्हता. एखादं मूल ताटातल्या न खायच्या पदार्थाकडे बघत नाही, तसं.

"बाई, हा वाजवतो का?"

"वाजवतो," मी म्हटलं. "मी ऐकलंय. फार सुंदर वाजवतो."

"मग आज काय झालं?"

मी क्लेमेंटकडे वळले. "वाजव की रे. पाच मिनिटांचं तर काम आहे."

"बाई, नका सांगू," तो हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "तुम्ही सांगितलं तर नाय बोलायला जड जातं."

प्राचार्यांनी कॉर्नेट उचलून कपाटात ठेवला. ते रागावले नव्हते. त्यांना वाटलं, गोष्ट छान रचली होती आणि बाई मुलाच्या प्रेमापोटी तिला दुजोरा देतायत. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

चार दिवसांनी कॉलेजच्या फळ्यावर यादी लागली. आम्ही दोघंही गेलो. नाव नव्हतं. क्लेमेंटने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. "नाय आलं, बाई," तो म्हणाला, आणि माझी छत्री माझ्या हातातून घेऊन चालू लागला.

चकाल्याला पोचल्यावर तो खुरसापुढे थांबला, मान लववली आणि मग घरात गेला. अँजेलिना दारातच उभी होती. त्याच्या तोंडाकडे बघून तिला कळलं. ती मला आत घेऊन गेली, चुलीपाशी पाट दिला, आणि तिथे पहिल्यांदा मला नवसाचं सगळं सांगितलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मीच बोलले त्याला, बाय," ती म्हणाली. "कॉलेज बोल, साल बोल. मोघम बोलू नको. मोघम बोलला असता तर निदान फुडच्या सालाची आस राहिली असती. आता साल पन गेला आनि बाजा पन गेला."

खुंटीवर फडक्यातला कॉर्नेट होता. फडकं स्वच्छ धुतलेलं होतं. दर शनिवारी मार्कस तो उतरवून लिंबू आणि राखेने घासत, बटणांना तेल लावत आणि पुन्हा टांगत. तीन वर्षं ते तो आज लागेल, उद्या लागेल म्हणून तयार ठेवत होते.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा प्राचार्यांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"एवढंच सांगायचं होतं ना त्याने," ते म्हणाले. "मी मागेच लागलो नसतो."

"तेवढंच सांगायचं नसतं, सर," मी म्हटलं.

"जागा भरल्या आहेत हो. एका पोराला उठवून दुसऱ्याला कसं बसवू?" मग ते म्हणाले, "पुढच्या वर्षी येऊ दे त्याला. मी लक्षात ठेवीन."

मी निरोप सांगितला. क्लेमेंट ओट्यावर बसला होता. "बाई, मी पंचावन्नचा जून बोललो होतो," तो म्हणाला. "छप्पन्नचा घेतला तर तो दुसराच नवस झाला. आणि पहिल्याचं काय?"

"अरे, पण शिक्षणाचं तरी बघ."

"शिकेन ना. दुसरीकडे शिकेन. कॉलेज काय एकच हाय?" तो हसला. समजूत मी घालायला गेले होते आणि घालत तो होता.

तो जवळच्या एका कॉलेजात दोन वर्षं, इंटरपर्यंत, शिकला. अभ्यास बरा केला, पण काचेच्या नळीपाशी उभा राहिलेला मुलगा मला पुन्हा दिसला नाही. मग कुर्ल्याच्या बाजूच्या एका कारखान्यात नळ्या तपासायच्या कामाला लागला. भेटला की आदराने बोलायचा. एकदा मी विचारलं, काम कसं आहे? म्हणाला, "नळ्याच हायत, बाई. फक्त वाजत नाहीत."

मार्कस आजारी पडले तेव्हा चर्चच्या फादरांनी क्लेमेंटला बोलावून सांगितलं, की नवसातून मोकळं करायचा मला अधिकार आहे, मी तुला मोकळं करतो, बापासाठी एकदा वाजव. क्लेमेंटने हात जोडले. "फादर, तुमचा उपकार," तो म्हणाला, "पण मी तुम्हाला नाय बोललो होतो. खुरसाला बोललो होतो."

हे ऐकून मार्कस अंथरुणावरून हसले म्हणे. "सोडा त्याला," ते म्हणाले. "पोरगा माझ्यावर गेलाय. मी पन कवळी घालून वाजवायला गेलेलो."

१९५८ च्या फेब्रुवारीत मार्कस गेले. बँडवाल्याच्या मयताला बँड पुढे चालतो. जुन्या निळ्या कोटांतली माणसं रांगेत उभी राहिली. वसईचा कॉर्नेटवाला बोलावला नव्हता. त्याची जागा रांगेत रिकामी ठेवली होती. जॉनी ढोल गळ्यात अडकवून क्लेमेंटपाशी आले. "आज तरी, बाबा," ते म्हणाले. "तुझा बापूस हाय तो."

"जॉनी, त्याला काय बोलू नको," अँजेलिना मागून म्हणाली.

क्लेमेंट आत गेला, खुंटीवरून कॉर्नेट काढला, फडकं सोडलं आणि तो हातात धरून रांगेतल्या रिकाम्या जागी येऊन उभा राहिला. खुरसापुढे सगळे थांबले, मग पुढे निघाले. मी बायकांबरोबर त्याच्या मागेच होते.

मयताची ती चाल संथ असते. मध्ये एक भाग येतो, तिथे बाकीची वाद्यं थांबतात आणि कॉर्नेट एकटाच वाजतो. तो भाग आला. बँड थांबला. ढोलही थांबला. रस्त्यावर फक्त पावलांचा आवाज उरला, आणि त्यात बारीक टकटक. क्लेमेंटने कॉर्नेट छातीशी धरला होता, ओठांपासून दूर, आणि बोटं बटणांवर चालत होती. तेल घातलेली, एकदाही न अडकणारी बटणं. कुठे घाई नाही, कुठे थांबणं नाही. कोणी मागे वळून पाहिलं नाही.

त्याची बोटं थांबली, आणि नेमक्या त्याच ठिकाणी जॉनींनी ढोलावर टिपरू टाकलं आणि बाकीचा बँड पुन्हा सुरू झाला.